दाणे चघळून निवडला गहू! ब्रेडसाठीच्या वसंती गव्हाची कहाणी

बाजारात गहू घेताना जुनी माणसं दोन दाणे तोंडात टाकतात आणि चावून पाहतात. कॅनडातल्या एका शास्त्रज्ञाने अगदी हेच केलं आणि त्यातून एका देशाची शेती बदलली. विशेष म्हणजे या गव्हाचा एक पालक भारतातून गेलेला होता. ब्रेडसाठी गव्हाचं वाण कसं निवडतात, हे समजून घ्यायला ही कहाणी उत्तम आहे.

वसंती गहू म्हणजे काय?

गव्हाचे स्वभावाने दोन प्रकार पडतात. हिवाळी गहू थंडीपूर्वी पेरतात. काही आठवडे कडक थंडी सोसल्याशिवाय तो नीट ओंब्या धरत नाही. वसंती गव्हाला ही अट नसते. बर्फ वितळल्यावर पेरला, तर तो त्याच उन्हाळ्यात काढणीला येतो. आपल्याकडे गहू रब्बीत पेरतात, पण स्वभावाने तो वसंती प्रकारचाच आहे.

ब्रेडला कुठला गहू लागतो?

कणीक पाण्यात मळली की ग्लुटेन नावाचं चिवट जाळं तयार होतं. यीस्टमुळे तयार होणारा वायू या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. त्यासाठी दाणा कडक हवा, प्रथिनं भरपूर हवीत आणि ग्लुटेन ताणलं तरी न तुटणारं हवं. नुसती जास्त प्रथिनं पुरत नाहीत. बन्सी गव्हात प्रथिनं चांगली असतात, पण त्याचं ग्लुटेन वेगळ्या गुणाचं असल्याने तो रवा आणि शेवयांना शोभतो, ब्रेडला नाही.

कॅनडाची अडचण

एकोणिसाव्या शतकात कॅनडात 'रेड फाईफ' हा गहू गाजत होता. ओंटारिओतले शेतकरी डेव्हिड फाईफ यांनी 1842 च्या सुमारास ग्लासगोहून आलेल्या बियाण्यातून तो वाढवला होता. ब्रेड उत्कृष्ट व्हायचा, पण पीक उशिरा तयार व्हायचं. पश्चिमेकडच्या सस्कॅचवानसारख्या भागात पिकाला जेमतेम तीन-साडेतीन महिने मिळतात. शरदातलं पहिलं दव गोठलं की हिरवा दाणा सुकून जायचा आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जायचं. चार-सहा दिवस लवकर पिकणारा गहू हा तिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

भारतीय गव्हाशी संकर

1892 मध्ये रेड फाईफचा संकर 'हार्ड रेड कलकत्ता' या लवकर पिकणाऱ्या भारतीय गव्हाशी करण्यात आला. त्यातून आलेलं पीक मात्र सरमिसळ होतं. 1903 मध्ये चार्ल्स साँडर्स ओटावाच्या प्रायोगिक शेतावर धान्यसुधारणेच्या कामावर रुजू झाले. त्यांनी एकेक ओंबी वेगळी काढली. एका ओंबीतल्या मूठभर दाण्यांचं पीठ करून ब्रेड भाजणं शक्य नव्हतं. म्हणून ते दाणे चघळायचे आणि तोंडात उरलेला चिकट गोळा किती ताणला जातो हे पाहायचे. पुढे पुरेसं धान्य आल्यावर दळून, ब्रेड भाजूनही खात्री केली.

या निवडीतून आलेलं वाण म्हणजे 'मार्क्विस'. रेड फाईफपेक्षा ते साधारण आठवडाभर आधी पिकायचं आणि ब्रेडही तसाच सुरेख व्हायचा. 1909 मध्ये ते शेतकऱ्यांना मिळू लागलं. 1911 मध्ये सस्कॅचवानच्या सीगर व्हीलर यांनी याच गव्हावर न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक हजार डॉलरचं बक्षीस जिंकलं. पुढच्या दशकभरात कॅनडाच्या पश्चिमेतला बहुतेक वसंती गहू मार्क्विसच होता. साँडर्स यांना 1934 मध्ये 'सर' हा किताब मिळाला.

एकाच वाणावर भिस्त नको

मार्क्विस दवातून सुटला, पण तांबेऱ्यापुढे टिकला नाही. 1916 मध्ये खोडावरच्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. सगळीकडे एकच वाण असल्याने नुकसानही सगळीकडे झालं. 1930 च्या दशकात रोग सोसणाऱ्या 'थॅचर' या वाणाने त्याची जागा घेतली. थॅचरच्या वंशावळीतही मार्क्विस आहेच.

वाण निवडताना पाहण्याच्या गोष्टी

- कालावधी: कॅनडात दव पडण्याआधी, तर महाराष्ट्रात मार्चचं ऊन तापण्याआधी दाणा भरायला हवा. वेळेवर बागायती पेरणीसाठी निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन असे वाण आहेत. उशिराच्या पेरणीसाठी एनआयएडब्ल्यू 34 आहे.
- रोगप्रतिकार: तांबेऱ्याला बळी पडणारं वाण कितीही गुणी असलं तरी धोक्याचं.
- खत: नत्र कमी पडलं तर प्रथिनं घटतात. सगळं नत्र पेरणीलाच न देता काही भाग नंतर दिला, तर दाण्याचा दर्जा सुधारायला मदत होते.
- पाणी: पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, पाण्याची पाळी चुकवू नये.
- काढणी: पिकलेल्या ओंब्या पावसात भिजल्या तर दाण्याला मोड येतात. अशा गव्हाचा ब्रेड आतून चिकट होतो.

घरी करून पाहा

थोडी कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा. मग भांड्यातल्या पाण्यात गोळा हळूहळू चोळा. पिठूळ पाणी निघून गेल्यावर रबरासारखा गोळा उरेल, तेच ग्लुटेन. तो न तुटता लांब ताणला गेला आणि पुन्हा आखडला, तर गहू ब्रेडच्या कामाचा. लगेच तुटला, तर पोळ्या खुशाल करा. साँडर्स हीच परीक्षा दातांखाली घेत होते.