थँक्सगिव्हिंग : दावत, सोंगे आणि विसरलेले यजमान

दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. विमानतळावर गर्दी होते, दूर गेलेली मुले घरी येतात आणि टेबलावर भाजलेली टर्की मांडली जाते. आपल्यातलीही अनेक मुले-मुली आता नोकरी-शिक्षणासाठी तिकडे आहेत. त्यांना ऑफिसातून किंवा शेजाऱ्यांकडून जेवणाचे निमंत्रण येते आणि मग घरी फोनवर प्रश्न येतो, “अब्बा, हा ख्रिस्ती लोकांचा सण आहे का? जाऊ का?”

जावे की नाही, हा ज्याचा-त्याचा निर्णय. मात्र हा सण आहे काय, हे समजून घ्यायला इतिहासाकडे वळावे लागते. तो इतिहास बराच गमतीचा आहे आणि तितकाच जड आहे.

१६२१ची दावत

१६२०च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथला पोहोचले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले. उरलेल्यांना मक्याची लागवड शिकवली ती टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेले होते. तिथून इंग्लंडमार्गे तो मायदेशी परतला, तेव्हा त्याचे पटक्सेट हे गाव साथीच्या रोगाने ओस पडले होते. प्लिमथची वसाहत उभी राहिली ती याच ओस गावाच्या जागेवर.

१६२१च्या शरद ऋतूत पीक हाती आले. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे ९० माणसांसह आला. त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. तीन दिवस खाणेपिणे, खेळ आणि बंदुकीच्या कसरती चालल्या. मेजवानीत इंग्रज होते पन्नासच्या आसपास, म्हणजे पाहुणेच जास्त. खरे तर जमीन त्यांची, बियाणे त्यांचे, शिकवण त्यांची. तेव्हा यजमान कोण आणि मेहमान कोण, हा प्रश्नच आहे.

त्या जेवणाला तेव्हा कोणी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हटले नव्हते. ते नाव २२० वर्षांनी, १८४१ साली, एका जुन्या पत्राच्या पुनर्मुद्रणात तळटीप म्हणून चिकटले. राष्ट्रीय सण म्हणून तो रुजला १८६३ मध्ये. सारा जोसेफा हेल या मासिकाच्या संपादिका अनेक वर्षे त्यासाठी अग्रलेख आणि पत्रे लिहीत होत्या. अखेर यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. देवाचे आभार मानण्याची भाषा त्या जाहीरनाम्यात आहे, पण ख्रिस्ताच्या जीवनातला कुठलाही प्रसंग या दिवसाशी जोडलेला नाही. त्यामुळेच पुढे ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारे असे सगळे या टेबलाभोवती बसू शकले.

साजरे करण्याच्या तऱ्हा

हा सण नेहमीच टर्की आणि भोपळ्याच्या गोड पदार्थापुरता नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये या दिवशी मुले फाटके कपडे घालून, तोंडाला काजळ फासून भिकाऱ्याचे सोंग घेत आणि दारोदार फिरून पैसे, फळे मागत. दख्खनमध्ये मोहरममध्ये मुलांना फकीर बनवण्याची प्रथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. १९३०च्या दशकातल्या मंदीत खरी गरिबी रस्त्यावर आली आणि ही सोंगे हळूहळू मागे पडली.

१८९६ साली बफेलो शहरात या दिवशी सुमारे आठ किलोमीटरची शर्यत झाली. धावायला उभे राहिले फक्त सहा जण. आज देशभर गावोगावी जेवणाआधी अशा शर्यती होतात आणि लोक टर्कीच्या वेशात धावतात. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाच्या कर्मचाऱ्यांनी चित्रविचित्र पोशाखात मिरवणूक काढली. तिच्यात प्राणिसंग्रहालयातले हत्ती आणि उंटही चालले. तीन वर्षांनी महाकाय फुगे आले. दुसऱ्या महायुद्धात ही मिरवणूक बंद ठेवून फुग्यांचे रबर सैन्याला दिले गेले.

सर्वांत मोठा गोंधळ १९३९चा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ऐकले, काहींनी नाकारले, टेक्सासने तर दोन्ही गुरुवार पाळले. चंद्र दिसला की नाही यावरून ईद दोन दिवस होते, तेव्हा आपल्याला हसणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे! १९४१ मध्ये कायदा होऊन चौथा गुरुवार पक्का झाला.

अलीकडे ‘फ्रेंड्सगिव्हिंग’ रूढ झाले आहे. घरापासून लांब असलेले मित्र एकत्र जमतात आणि प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो. स्थलांतरितांच्या मुलांना हे विशेष भावते, कारण तिथे बिर्याणी आणि टर्की शेजारी-शेजारी बसतात. मुस्लिम घरांत हलाल टर्की आणून तिला आले-लसूण, दही आणि गरम मसाला चोळतात, पोटात मसालेभात भरतात. २००१ आणि २००२ साली हा गुरुवार रमजानमध्ये आला. रोजेदारांसाठी ही दावत इफ्तारलाच उघडणार होती. २००१चा नोव्हेंबर म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जेमतेम दोन महिने. मुस्लिम नावाकडे संशयाने पाहिले जात असताना शेजाऱ्याला इफ्तारला बोलावणे किंवा त्याच्या दारी पदार्थ घेऊन जाणे, याला हिंमत लागत होती.

टर्की, गोवा आणि जहाँगीर

या सणाचा मानकरी पक्षीही मोठा प्रवासी आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. इंग्रजांना तो तुर्कांकडचा वाटला, म्हणून ‘टर्की’ झाला. तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ म्हटले. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. म्हणजे प्रत्येकाला तो दुसऱ्याचाच वाटला.

हाच पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरला. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्यात खरेदी केलेल्या नवलाईच्या वस्तूंबरोबर तो बादशाह जहाँगीरच्या दरबारात पोहोचवला. रंग बदलणारी त्याची मान पाहून बादशाह चकित झाला. त्याने आपल्या आत्मचरित्रात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि चित्र काढण्याचा हुकूम दिला. उस्ताद मन्सूरने रेखाटलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथच्या मेजवानीच्या नऊ वर्षे आधी आपल्याकडे टर्कीची अशी शाही सरबराई झाली होती.

जे त्या दिवशी उपास करतात

हा सण पाळण्याची सर्वांत वेगळी तऱ्हा मात्र वाम्पानोआग लोकांची आहे. १६२१च्या दावतीनंतर ५५ वर्षांनी, १६७६ मध्ये, मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांविरुद्धच्या युद्धात मारला गेला. ज्या प्लिमथमध्ये बाप जेवला होता, तिथेच मुलाचे शिर भाल्यावर लावून वर्षानुवर्षे ठेवले गेले.

१९७० साली मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाली. त्यानिमित्त वाम्पानोआग नेते वामसुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले गेले. त्यांनी आपल्या लोकांवर काय गुदरले ते लिहिले, तेव्हा आयोजकांना ते भाषण नको झाले. मग त्यांनी प्लिमथच्याच टेकडीवर, मॅसासोइटच्या पुतळ्याजवळ, ‘राष्ट्रीय शोक दिन’ पाळला. तो आजही दर थँक्सगिव्हिंगला पाळला जातो आणि अनेक जण त्या दिवशी उपास करतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कात्राझ बेटावरही त्याच पहाटे आदिवासी समूह सूर्योदयाला एकत्र जमतात.

दावत खाणाऱ्यांनी सण केला आणि दावत देणाऱ्यांच्या वंशजांवर शोक करण्याची वेळ आली. इस्लाममध्ये शुक्र ही इबादत आहे, आणि हदीसने अल्लाहचे शुक्र माणसांच्या आभाराशी बांधून ठेवले आहे. ज्याच्या हातून घास मिळाला त्याला विसरून वर हात केले, तर ते शुक्र अपुरे राहते.

ही गोष्ट फक्त अमेरिकनांना लागू नाही. आपल्या रश्श्यातली मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा आणि भाकरीचा मका हे सारे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे जोपासलेले आहे. पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दींमार्फत ते आपल्या दस्तरख्वानवर आले. मिरचीशिवाय आपला मटणाचा रस्सा कसा लागेल, याची कल्पना करून पाहा.

म्हणून तिकडे असलेल्या आपल्या मुला-मुलींना निमंत्रण आले आणि ते जाणार असतील, तर त्यांनी रिकाम्या हाताने जाऊ नये. घरचा एखादा मसालेदार पदार्थ न्यावा आणि जेवताना कोणी विचारले, की यातला तिखटपणा कुठला, तर टिस्क्वांटम आणि मॅसासोइट यांचीही आठवण काढावी.