नवा भाग, जुना पुरवठा

नवी रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड घातल्यावर संगणक बंद पडू लागला की ठपका नव्या भागावर येतो. इतिहास मात्र वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतो. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीचा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. हार्ड डिस्कसह आलेल्या १९८३ च्या एक्सटीला १३० वॅट द्यावे लागले. त्यात पाटससारख्या उसाच्या पट्ट्यात, एकाच डीपीवर (रोहित्रावर) शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि दमलेल्या एसएमपीएसची, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायची, उरलीसुरली ताकदही जाते. कोणी म्हणेल, नवी रॅमही सदोष निघते. निघते की! म्हणूनच एकेक पट्टी वेगळी लावून, खाच बदलून तपासतात. पण ताण पडल्यावरच यंत्र बंद पडत असेल, तर रॅम बदलणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर मीटर लावावा. भार असताना तिथे बारा व्होल्ट टिकतात का, ते दिसते.