उसाच्या नावापुढे 'को' का लागतं?

आज खताचा डोस नाही, फवारणी नाही. आज उसाच्या घराण्याचा इतिहास लिहितोय.

को ८६०३२ हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलंय. त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. १९१२ साली तिथे ऊस पैदास केंद्र सुरू झालं. बार्बर साहेब आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर कशाशी केला माहितीये? कासाशी! पावसाळा सरला की ओढ्याकाठी पांढरे तुरे काढतं ते रानगवत. साखर नावालाच, पण चिवट. त्या संकरातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या हातात गेली.

गवताशी सोयरीक करायची वेळ का आली? कारण गोड ऊस नाजूक. १८८० नंतर जावा बेटावर 'सेरे' नावाचा रोग आला. सेरे म्हणजे तिकडच्या भाषेत गवती चहा. उसाचं बेट खुरटून गवती चहासारखं दिसायचं म्हणून हे नाव. आपण ऊस कांडीनं लावतो, म्हणजे सगळं रान एकाच झाडाचं. एकाला रोग लागला की सगळ्यांना धोका. तिथल्या डच लोकांनीही मग रानटी उसाकडे धाव घेतली.

आता खरी गंमत. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले वारशाचे धागे. माणसात ४६, गोड उसात ८०, जावाच्या रानटी उसात ११२. लेकराला आईकडून निम्मे, बापाकडून निम्मे, हा नियम. म्हणजे ४० आणि ५६ मिळून ९६ व्हायला हवेत. जावात ब्रेमर नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तर भरले १३६! गोड ऊस आई असला की ती निम्मे न देता सगळे ८० देते. बापाकडून तेवढे ५६ येतात.

हा हिशोब आपल्या पदरात पडला. पहिला संकर बारीक आणि कमी साखरेचा निघतो. त्याला पुन्हा गोड उसाशी जोडलं की आई परत आपले सगळे धागे देते. म्हणून दोन-तीन पिढ्यांतच गोडी परत येते आणि रानटी चिवटपणाही टिकतो. असाच जावाचा पीओजे २८७८ हा ऊस १९२१ मध्ये तयार झाला आणि १९२९ पर्यंत तिथल्या बहुतेक उसाच्या रानात पोचला.

आपल्याकडे हे मोजायचं काम जानकी अम्मल यांनी केलं. केरळच्या तलश्शेरीच्या बाई. १९३४ मध्ये कोइमतूरला आल्या. उसाचा मक्याशीसुद्धा संकर करून त्याची गुणसूत्रं मोजली. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. कासातही सगळं सारखं नसतं बरं का. कुठे ४० गुणसूत्रं, तर कुठे १२८. म्हणजे एका ओढ्याचा कास दुसऱ्या ओढ्यासारखा असेलच असं नाही.

आजच्या उसात साधारण १० ते २० टक्के धागे रानटी आहेत. खोडवा फुटतो, ऊस ताण सोसतो, त्यात या गवताचा मोठा वाटा. पण हे धागे मोजक्याच रानटी झाडांकडून आलेत. उद्या नवा रोग आला तर पैदासकाराला पुन्हा रानातच जावं लागणार. कन्नूरच्या केंद्रात उसाच्या जातींचा संग्रह लावून जपलाय, पण सगळे ओढे तिथे मावत नाहीत.

पिकात शिरलेला कास मीही खणून काढतो, त्यात दयामाया नाही. पण ओढ्याकाठी जो कोणाला आडवा येत नाही, त्याच्यावर तणनाशकाचा पंप कशाला मारायचा? उसाचं आजोळ आहे ते. राहू द्या.