लहान मुले, चित्रे आणि वर्ड प्रोसेसर: एका उलट्या प्रवासाची कथा

आजचा धागा राजघराण्यांचा नाही आणि लढायांचाही नाही. पहिलीतले मूल संगणकावर चार ओळी लिहिते, त्यातली एक कात्रीच्या चित्रावर टिचकी मारून कापते आणि शेजारी सूर्याचे चित्र आणून बसवते. एवढ्याशा कृतीमागे काय काय घडून गेले आहे, ते आज पाहू.

सर्वसाधारण समज असा, की ही चित्रे कचेरीतल्या मोठ्या माणसांसाठी निघाली आणि पुढे मुलांसाठी सोपी करण्यात आली. प्रत्यक्ष क्रम बराचसा उलटा आहे.

चित्रावरून अक्षराकडे नेण्याची युक्ती तशी जुनीच. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे लॅटिन-जर्मन सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापले गेले. अननसाच्या चित्रावरून 'अ' शिकवणारी आपली अंकलिपी त्याच विचाराची. संगणकाच्या बाबतीत मात्र १९६८ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी ॲलन के हे तरुण संशोधक सीमोर पॅपर्ट यांना भेटले. पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी शाळकरी मुलांना 'लोगो' ही संगणकभाषा शिकवत होते. ते पाहून के यांच्या मनात वहीएवढ्या संगणकाची कल्पना रुजली. १९७२ मध्ये त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला. त्याचा विषयच मुळी 'सर्व वयांच्या मुलांसाठी' व्यक्तिगत संगणक हा होता.

के यांच्यावर मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा प्रभाव होता. मूल एखादी गोष्ट हाताने करून समजते, चित्र पाहून समजते आणि चिन्हांतूनही समजते, असे ब्रूनर यांचे प्रतिपादन. के यांनी त्यातून संगणकाची रचनाच काढली: हातासाठी माउस, डोळ्यांसाठी चित्र, आणि त्यांच्या आधाराने अक्षर.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' संगणक तयार झाला. त्यावर अडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी मुलांना शिकवण्याचे प्रयोग केले. बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी तिथे चित्रे काढण्याची साधने स्वतः रचली. त्याच इमारतीत मोठ्यांसाठी 'ब्राव्हो' हा वर्ड प्रोसेसरही घडत होता. त्यात आज्ञा द्यायची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहायची वेगळी. आज्ञेच्या अवस्थेत चुकून 'एडिट' हा शब्द टंकला, तर पहिले अक्षर सगळा मजकूर निवडी, दुसरे तो पुसून टाकी, तिसरे नवे लेखन सुरू करी, आणि अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकटा 'टी' उरे. भल्याभल्या अभियंत्यांची ही गत, तर मुलांची काय झाली असती!

के यांचे विद्यार्थी डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ च्या प्रबंधात पडद्यावरील चित्रांना 'आयकॉन' म्हटले. हा शब्द त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील पवित्र प्रतिमांवरून घेतला. अशी प्रतिमा म्हणजे निव्वळ चित्र नव्हे, ज्याची ती आहे त्याचे गुण तिच्यात वसतात, ही त्यामागची भावना. प्राणप्रतिष्ठा ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे स्मिथ यांनीच झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकाच्या रचनेत भाग घेतला. १९८१ मध्ये तो बाजारात आला, तो कागद, फोल्डर आणि टपालाच्या खोक्यांची चित्रे घेऊन. किंमत सोळा हजार डॉलरच्या वर. मुलांच्या आकलनाचा विचार करून उमललेली कल्पना अशा रीतीने साहेबांच्या टेबलावर जाऊन बसली.

मुलांच्या वाट्याला त्या वेळी काय आले? न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट शिक्षण महाविद्यालयाच्या सहभागातून १९८२ मध्ये 'बँक स्ट्रीट रायटर' हा शाळकरी मुलांसाठीचा वर्ड प्रोसेसर आला. त्यात चित्र एकही नव्हते. शाळांतल्या छोट्या संगणकांची कुवतच तेवढी. काय करता येईल याच्या सूचना पडद्याच्या माथ्यावर शब्दांत लिहिलेल्या असत, म्हणजे वाचता येणे ही पूर्वअट. लिहिणे आणि दुरुस्त करणे या अवस्थाही वेगळ्याच होत्या. तरीही माझ्या मते या साधनाची योग्यता मोठी आहे. खाडाखोड केली की सगळा निबंध पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा, ही शिक्षा त्याने संपवली. शिक्षा गेली, की मूल आपले वाक्य बदलून पाहायला धजावते.

चित्रे परतली ती घरातून. ओरेगॉनमधील प्राध्यापक क्रेग हिकमन यांच्या लक्षात आले, की आपला तीन वर्षांचा मुलगा मॅकिंटॉशवरील चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये अडखळतो. त्याच्यासाठी त्यांनी 'किड पिक्स' रचला आणि १९९१ मध्ये तो व्यापारी स्वरूपात प्रसिद्ध झाला. चित्र पुसायचे तर सुरुंगाचा स्फोट! अक्षरेही ठशांसारखी, निवडलेले अक्षर संगणक मोठ्याने उच्चारी. हा वर्ड प्रोसेसर नव्हे, हे खरे. पण अजून वाचता न येणाऱ्या मुलाने अक्षर आणि चित्र एकाच पानावर मांडावे, हे त्याने शक्य केले.

या कथेचा एक धागा रायगड जिल्ह्यात येतो. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची रचना पॅपर्ट यांच्याच विचारांवर उभी होती. पडद्यावर चित्रांचे कडे असे आणि लिहिण्याचा प्रोग्रॅमही त्यातल्याच एका चित्रामागे असे.

चित्र ओळखायला भाषांतर लागत नाही. अक्षराचे तसे नाही. देवनागरीसाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला. स्वरचिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची सुबक मांडणी आहे. मात्र स्वतंत्र स्वर शिफ्टची कळ दाबल्याशिवाय उमटत नाहीत. त्यामुळे 'बाबा' आणि 'मामा' चार-चार कळांत सरळ लिहून होतात, आणि मूल बहुधा जो शब्द सर्वांत आधी लिहू पाहते त्या 'आई'साठी दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागते. 'कि' लिहिताना आधी 'क'ची कळ आणि मग वेलांटीची, तरी पडद्यावर वेलांटी आधी येऊन बसते. बारखडीचा क्रम पाठ असलेल्या मुलाला हे लवकर पटते. पण ते आधी कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते; नाहीतर कात्री आणि सूर्य बिनचूक ओळखणारे तेच मूल 'आई' रोमन लिपीत लिहून मोकळे होते.