टर्बो बूस्ट आणि बदली सायलेन्सर

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरणारा टर्बो हवा दाबून आत भरतो. वातावरणाहून जास्तीचा हा दाब म्हणजे बूस्ट. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात 2022पर्यंत बनलेली पोलो, विशेषतः तिची टर्बो पेट्रोल इंजिनाची टीएसआय आवृत्ती, हौशी मंडळींची लाडकी. बूस्ट वाढवायचा म्हणजे वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन वायू सोडणारी झडप) उशिरा उघडायचा. त्याबरोबर इंधन आणि स्पार्कचा मेळ ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) नव्याने बसवावाच लागतो, नाहीतर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन पिस्टन वितळू शकतो. वायू मोकळे बाहेर पडावेत म्हणून बदली सायलेन्सर निवडताना आवाजाला भुलू नये. वायूंच्या वाटेतला मोठा अडथळा टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मधाच्या पोळ्यासारख्या बारीक जाळीत असतो. ती काढणे सर्वथा गैर. एरवी तिच्यात कमी घातक होणारे विषारी वायू मग थेट रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही.