मांजरानेही ओलांडलेला मासा

मागच्या शुक्रवारी टीम लंचला कुणीतरी हौसेने सुशी मागवली आणि टेबलाचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, "कच्चा मासा? ई! माझ्याच्यानं नाही व्हायचं." दुसरा म्हणे, "अरे, हजार वर्षांची परंपरा आहे त्यांची, उगाच खातात का?" मध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात साल्मनचे आठ केशरी तुकडे निमूट पडलेले. दीडला मीटिंग होती म्हणून मी गप्प बसलो. म्हटलं, वीकेंडला सविस्तर लिहू.

कारण गंमत अशी आहे, की त्या डब्यातल्या साल्मनला हजार सोडा, पन्नास वर्षांचीही परंपरा नाही. आणि त्याला 'ई' म्हणणाऱ्यांत एके काळी खुद्द जपानी माणसंच होती.

मला हे कळलं ते काही वर्षांपूर्वी टोकियोला ऑनसाइट असताना. मी मूळचा मालवणकडचा. बांगडा, तिसऱ्या, कालवं, शेजारी भांडायला येतील अशा वासाचं सुकट, सगळं खाऊन वाढलेला. पण सगळं चुलीवरून उतरलेलं. क्लायंटच्या टीममध्ये निवृत्तीला टेकलेले एक इंजिनिअर होते, त्यांना आम्ही 'सेन्सेई' म्हणायचो. पहिल्याच पार्टीत माझ्यापुढे साल्मनची निगिरी आली. माझा चेहरा बघून सेन्सेई हसले आणि म्हणाले, "संकोच नको. माझ्या आईनेही हे आयुष्यात कधी खाल्लं नाही." मला वाटलं, बिचारे धीर देतायत. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, ते इतिहास सांगत होते.

तर मंडळी, पहिल्या व्हर्जनपासून सुरुवात करू.

सुशी जन्मली ती ताजा मासा खाण्यासाठी नव्हे, तर मासा टिकवण्यासाठी. भातशेती करणाऱ्या आग्नेय आशियातून ही युक्ती जपानात आली असं मानतात. मासा मिठात मुरवायचा, मग शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणामुळे मासा सडत नाही. वर्षभराने मासा खायचा आणि लगदा झालेला भात बहुतेक करून टाकून द्यायचा! बिवा सरोवराकाठी शिगा प्रांतात 'फुनाझुशी' नावाने हा प्रकार आजही मिळतो. वास जुन्या चीजसारखा. आपल्या सुकटाला नावं ठेवणाऱ्यांना एकदा तिथे न्यायला हवं. :-)

पुढे एदो काळात, म्हणजे आजचं टोकियो जेव्हा एदो होतं तेव्हा, लोकांना वर्षभर थांबायला वेळ नव्हता. भात आंबवण्याऐवजी त्यात सरळ व्हिनेगर घालायला सुरुवात झाली. मग १८२०च्या दशकात हाताने दाबलेल्या भाताच्या गोळ्यावर माशाचा तुकडा, ही निगिरी आली. तिचं श्रेय साधारणपणे हानाया योहेई या माणसाला देतात. रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याउभ्या खायचा पदार्थ. गोळा आजच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे वडापावच म्हणा ना.

पण तेव्हाही मासा सहसा निव्वळ कच्चा नसे. बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. कुठला मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला, कुठला मीठ-व्हिनेगर लावलेला, कुठला शिजवलेला. ट्यूना, म्हणजे आपल्या कुप्याचा थोरला भाऊबंद, हलका मासा समजला जाई. त्याचा लाल भाग सोयात मुरवून गरिबांच्या गाडीवर जायचा. पोटाकडचा चरबीचा भाग, ज्याला आज 'तोरो' म्हणतात, तो तर इतक्या लवकर खराब व्हायचा की त्याला नाव पडलं 'नेको-मातागी'. मांजरसुद्धा ज्याला ओलांडून पुढे जातं तो!

आज तोच तोरो सुशीच्या दुकानातला सगळ्यात महाग घास. मध्ये काय झालं? फ्रिज आला, आणि युद्धानंतर जपानी जिभेला चरबीची चव लागली. त्यात विमानाची भर पडली. जपान एअरलाइन्सची मालवाहू विमानं जपानी इलेक्ट्रॉनिक्स अमेरिकेला न्यायची आणि परत येताना रिकामी. परतीच्या मालाच्या शोधात अकिरा ओकाझाकी हा त्यांचा कर्मचारी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर पोचला. तिथे ब्लूफिन ट्यूना लोक हौस म्हणून पकडायचे, सोबत फोटो काढायचे आणि पुरून टाकायचे, नाहीतर कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी विकायचे. १४ ऑगस्ट १९७२ रोजी हा विमानाने आलेला ट्यूना टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला लागला. तिथून चक्रं फिरली. तो घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, आणि २०१९च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला.

आता आपल्या डब्यातला साल्मन.

जपानी लोक साल्मन, त्यांच्या भाषेत साके किंवा शाके, पिढ्यान्पिढ्या खातायत. पण खारवून, भाजून, नाश्त्याला भाताबरोबर. कच्चा नाही. कारण अगदी व्यवहारी होतं. पॅसिफिकमधल्या या माशात अनिसाकिस नावाचा जंत असतो आणि तो माणसाच्या पोटात गेला की भयंकर कळा. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या आयनू लोकांनी यावर आपला पॅच शोधला होता. ते थंडीत मासा बाहेर गोठवून खायचे. त्याचं नाव 'रुइबे', म्हणजे वितळणारं खाणं. चांगला गोठवला की जंत मरतो, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलं होतं.

मग चित्रात आला नॉर्वे. १९७०च्या दशकापासून त्यांनी समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून साल्मन पाळायला घेतला. हा मासा कोरड्या गोळ्यांवर वाढतो, जंत असलेली बारीक मासळी खात नाही, त्यामुळे तो धोका जवळजवळ नाहीच. उत्पादन वाढत गेलं, गिऱ्हाईक कमी पडायला लागलं. १९८५ मध्ये नॉर्वेचे मत्स्यमंत्री थोर लिस्ताऊ शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले आणि पाठोपाठ 'प्रोजेक्ट जपान' सुरू झालं. कल्पना अशी, की जपान्यांना साल्मन कच्चा विकायचा, कारण भाव कच्च्या माशालाच.

जपानी व्यापाऱ्यांचं उत्तर आपल्या टीममधल्या पहिल्या तटासारखंच होतं. रंग बरोबर नाही, वास नदीचा येतो, आम्ही असलं कच्चं खात नाही. वर्षं गेली. १९९१ मध्ये नॉर्वेतली मत्स्यपालकांची विक्री संघटना न विकलेल्या गोठवलेल्या साल्मनच्या डोंगराखाली दिवाळखोर झाली. तरी प्रोजेक्टवर काम करणाऱ्या ब्यॉर्न एरिक ओल्सेन यांनी स्वस्तात भाजायला मासा विकायचं टाळलं. शेवटी निचिरेई या मोठ्या कंपनीला त्यांनी ५,००० टन साल्मन कमी भावात दिला, तो सुशीसाठीच विकायचा या अटीवर. आणि नावही वेगळं ठेवलं. भाजायचा तो शाके, कच्चा खायचा तो 'सामोन'. फिरत्या पट्ट्यावरच्या स्वस्त सुशी-दुकानांतून तो पोरांच्या तोंडी लागला. आज तिथल्या गिऱ्हाइकांच्या सर्वेक्षणांत साल्मन वर्षानुवर्षं पहिला येतो.

म्हणजे आपले दोन्ही तट चुकले. 'परंपरा आहे' हे खाण्याचं कारण नाही, कारण परंपरा सारखी बदलत असते. आणि 'ई' हे न खाण्याचं कारण नाही, कारण ते बहुतेक वेळा जुन्या फ्रिज नसलेल्या जगाचं शहाणपण असतं. प्रश्न विचारायचा तो हा, की जुनी भीती ज्या कारणाने होती, ते कारण आता दूर केलंय का?

हा प्रश्न नुसता वाद घालण्यापुरता नाही. त्याच लंचला एक मित्र म्हणाला, "घरीच करू, बाजारातून रावस आणतो, इंडियन साल्मनच तो." बाबा रे, रावस आणि साल्मन यांचं नाव सोडून काही नातं नाही. आणि आपल्या बाजारातला मासा कच्चा खाण्यासाठी हाताळलेलाच नसतो. सुशी म्हणजे सुरी आणि भात नव्हे, ती पिंजऱ्यापासून ताटापर्यंतची सगळी साखळी आहे. रावसाची आमटीच कर.

आणि चव लागली की तिची किंमतही कुणीतरी मोजतंच. अटलांटिकमधला ब्लूफिन आपल्या लाडापायी इतका घटला, की २०१० मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा प्रस्ताव आला. जपानच्या विरोधामुळे तो पडला. पुढे मासेमारीचे कोटे कडक झाले आणि २०२१ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. मांजराने ओलांडला तोवर तो मासा सुखी होता, असंच म्हणायचं.

टोकियोत मी ती निगिरी खाल्ली का? खाल्ली. मऊ, गारेगार, लोण्यासारखी. पुढे सेन्सेई पुण्याला आले, तेव्हा आईने त्यांना सुकटाची चटणी वाढली. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, भाताबरोबर पहिला घास घेतला. आणि मग निवांतपणे आईकडे आणखी मागितली.

असो. शुक्रवारचे आठ तुकडे? वाद चालू असताना मीच संपवले. :-)