अल्ट्रासॉनिक टेस्टिंग म्हणजे काय? लेव्हल १ ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात?

रेल्वे रुळावर ढकलगाडीसारखं यंत्र घेऊन चालणारे कर्मचारी तुम्ही पाहिले असतील. रूळ न कापता ते त्याच्या आतली भेग शोधत असतात. या पद्धतीला अल्ट्रासॉनिक टेस्टिंग किंवा यूटी म्हणतात. वेल्डिंगचे जोड, बॉयलर, रिफायनरीचे पाइप, विमानाचे भाग हे सगळं असंच तपासलं जातं. आयटीआय किंवा डिप्लोमानंतर बरेच जण या क्षेत्रात येतात. चला तर मग, सुरुवातीला काय शिकावं लागतं ते बघूया.

यूटी कसं काम करतं?

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. यूटीमध्ये बहुतेक वेळा १ ते १० मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात. प्रोबमधल्या क्रिस्टलला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज धातूत जातो. समोरच्या बाजूला किंवा मधल्या भेगेला आपटून तो परत येतो, म्हणजेच इको मिळतो. स्क्रीनवर त्याचा उंचवटा दिसतो. मागच्या बाजूच्या इकोच्या आधीच एखादा उंचवटा दिसला, तर मध्ये काहीतरी आहे असा संशय घ्यायचा.

हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग गुणिले वेळ, भागिले २. भागिले २ कशासाठी? कारण आवाज जातो आणि परत येतो.

जेल कशाला लावतात?

प्रोब आणि धातू यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळपास सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. म्हणून मध्ये जेल, तेल किंवा पाणी लावतात. याला कपलंट म्हणतात. काही फोनमध्ये अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर असतो. स्क्रीन गार्डखाली हवा राहिली की तो नीट चालत नाही, त्याचं कारणही हेच.

कॅलिब्रेशन: सगळ्यात महत्त्वाचा धडा

मशीनला समोरचा धातू कोणता ते कळत नाही. वेग आपण सेट करतो. स्टीलमध्ये तो सेकंदाला साधारण ५,९२० मीटर असतो, ॲल्युमिनियममध्ये सुमारे ६,३२०. समजा स्टीलचा पाइप तपासताना चुकून ॲल्युमिनियमचा वेग राहिला. मग १० मिलिमीटरची भिंत जवळपास १०.७ मिलिमीटर दिसेल. गंजून पातळ झालेला पाइप कागदावर जाड दिसेल आणि तसाच चालू राहील. अपघाताची सुरुवात अशीच होते.

म्हणून ट्रेनिंगमध्ये व्ही१ नावाच्या स्टील ब्लॉकवर पुन्हा पुन्हा सराव करून घेतात. त्याची जाडी २५ मिलिमीटर असते. मशीनने तेवढीच दाखवली पाहिजे.

सरळ प्रोब, अँगल प्रोब

भेग आवाजाच्या दिशेला समांतर असेल तर इको जवळजवळ येतच नाही. म्हणून वेल्डिंगसाठी ४५, ६० आणि ७० अंशांचे अँगल प्रोब वापरतात. इको आला नाही म्हणजे भेग नाही, असं समजायचं नाही.

लेव्हल १, २ आणि ३

• लेव्हल १: लेखी सूचनेप्रमाणे कॅलिब्रेशन आणि तपासणी.
• लेव्हल २: मशीन सेट करणं, इकोचा अर्थ लावणं, रिपोर्ट देणं.
• लेव्हल ३: तपासणीची पद्धत ठरवणं, इतरांना तयार करणं.

एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकन मार्गदर्शिकेत यूटी लेव्हल १ साठी ४० तासांचं ट्रेनिंग सुचवलं आहे. त्याशिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परीक्षा आहेच. जवळचं नीट दिसतं का, याची तपासणी दरवर्षी होते. भारतात इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही संस्था या क्षेत्रात काम करते.

फी भरण्याआधी हे विचारा

१. मशीन आणि प्रोब प्रत्येकाच्या हातात किती तास मिळतील?
२. खऱ्या दोषांचे वेल्डिंग नमुने आहेत का?
३. सर्टिफिकेट कोणत्या पद्धतीचं आहे? एसएनटी-टीसी-१ए पद्धतीत सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी कंपनीची असते. त्यामुळे नोकरी बदलली की नवी कंपनी तुम्हाला पुन्हा तपासून सर्टिफाय करते.

फक्त दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात देणारा कोर्स दिसला तर थांबा. तुम्ही ‘ओके’ लिहिलेल्या रुळावरून उद्या भरलेली गाडी जाणार आहे.